पळता उजेड आणि मीडियम फॉरमॅट

मीडियम फॉरमॅट, म्हणजे नेहमीच्या ३५ मिमीहून मोठी फ्रेम टिपणारे कॅमेरे, म्हटलं की बोलणं लगेच निगेटिव्हच्या मापावर येतं. ३५ मिमी फिल्मची फ्रेम २४ बाय ३६ मिलिमीटरची. मीडियम फॉरमॅटमधली ६×६ (सेंटिमीटर) म्हणवणारी फ्रेम प्रत्यक्षात ५६ बाय ५६ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळात साडेतीन पटींहून मोठी. खडकांचा पोत, दूरच्या कड्यावरची झाडं, ढगांच्या कडा मोठ्या प्रिंटमध्येही शाबूत राहतात त्या यामुळे. पण लँडस्केपमध्ये या कॅमेऱ्यांनी पाय रोवले, त्याचं मोठं कारण मला वेळेत दिसतं. उजेड नजरेला पडला आणि फिल्मवर उतरला, यांमधला अवधी कमी करायचा, आणि तोही निगेटिव्हचा मोठेपणा न गमावता, अशी ही धडपड होती.

सुरुवातीला हा अवधी फार लांब होता. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी ओल्या कोलोडियनची पद्धत प्रसिद्ध केली. काचेवर थर द्यायचा, तो ओला असतानाच एक्स्पोजर द्यायचं, म्हणजे त्यावर उजेड पडू द्यायचा, आणि ओला असतानाच डेव्हलप करायचं. त्यामुळे डार्करूमचा तंबूही सोबत न्यावा लागे. शिवाय ही प्लेट निळ्या प्रकाशाला इतकी संवेदनशील, की जमिनीचा तपशील उतरेपर्यंत आभाळ पांढरंफटक होऊन जाई. गुस्ताव ल ग्रे यांनी १८५६-५७च्या सुमारास समुद्राच्या काही छायाचित्रांत यावर तोड काढली. पाणी एका निगेटिव्हवर, ढग दुसऱ्यावर आणि प्रिंट दोन्हींची मिळून. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सगळ्या रंगांना प्रतिसाद देणाऱ्या पँक्रोमॅटिक प्लेट्स बाजारात आल्या. पिवळा किंवा लाल फिल्टर लावून निळं आभाळ गडद करता येऊ लागलं आणि ढग-जमीन एकाच निगेटिव्हवर मावू लागली.

१२० ही मीडियम फॉरमॅटची रोल फिल्म कोडॅकने १९०१ मध्ये आणली ती हौशी मंडळींसाठी, नंबर २ ब्राउनी या साध्या पेटी-कॅमेऱ्याकरता. १९२९ मध्ये जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या फ्रांके उंड हायडेके कंपनीने रोलायफ्लेक्स काढला. वरच्या लेन्समधून पाहायचं, खालच्या लेन्सने टिपायचं. कॅमेरा उत्तम होता, पण लँडस्केपमधली दिग्गज मंडळी मोठ्या, सुट्या तावांच्या शीट फिल्मवरून हलली नाहीत. १९३२ मध्ये एडवर्ड वेस्टन, ॲन्सेल ॲडम्स हे अमेरिकन छायाचित्रकार आणि त्यांच्या सोबत्यांनी ग्रुप एफ/६४ हा गट स्थापन केला. त्यांना हवी तशी काटेकोर तीक्ष्णता ८×१० इंचांच्या निगेटिव्हमधून मिळत होती, मग रोल फिल्मकडे वळायचं कशाला?

कशाला, याचं उत्तर ॲडम्स यांच्याच १९४१च्या एका प्रसंगात आहे. न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावाजवळून जाताना त्यांना चंद्र वर आलेला आणि मावळतीचं ऊन स्मशानातल्या क्रूसांवर पडलेलं दिसलं. गाडी थांबवून ८×१०चा कॅमेरा उभा केला, फोकस केलं, फिल्टर लावला. उजेड मोजायचा लाइट मीटर काही सापडेना. चंद्राची तेजस्विता त्यांना पाठ होती, तिच्यावरून हिशोब करून त्यांनी एक्स्पोजर दिलं. राखीव म्हणून दुसरं निगेटिव्ह घ्यायला फिल्म होल्डर उलटा करेपर्यंत क्रूसांवरचं ऊन निघून गेलं होतं. हे छायाचित्र त्यांचं सर्वांत प्रसिद्ध काम ठरलं, आणि ते एकाच निगेटिव्हवर आहे.

त्याच सुमारास ॲडम्स यांनी फ्रेड आर्चर (१८५१चे आर्चर वेगळे) यांच्यासोबत झोन सिस्टिम मांडली होती. पूर्ण काळ्यापासून पूर्ण पांढऱ्यापर्यंत टोनचे टप्पे पाडायचे, दृश्यातला कुठला भाग कोणत्या टप्प्यावर हवा ते आधी ठरवायचं आणि त्यानुसार एक्स्पोजर व डेव्हलपिंग दोन्ही बेतायचं. कडक उन्हात सावल्या आणि उजळ भाग यांत फार अंतर पडतं, तेव्हा डेव्हलपिंग कमी करायचं. ढगाळ, सपाट उजेडात ते वाढवायचं. शीट फिल्मवर हे सोपं, कारण प्रत्येक शीट स्वतंत्र डेव्हलप होते. रोल फिल्मवर मात्र बारा फ्रेम एका डब्यात, एकाच वेळी. सकाळी धुकं, दुपारी ऊन आणि संध्याकाळी पाऊस एकाच रोलवर असला, तर कुणाच्या सोयीने डेव्हलप करायचं?

ही अडचण सोडवली ती वेगळ्या होणाऱ्या फिल्म बॅकने, म्हणजे कॅमेऱ्याच्या पाठीला बसणाऱ्या फिल्मच्या पेटीने. स्वीडनचे व्हिक्टर हासेलब्लाड यांनी १९४८ मध्ये न्यू यॉर्कमध्ये १६००एफ सादर केला. लेन्स, व्ह्यूफाइंडर, फिल्म बॅक सगळं सुटं होणारं. बॉडीतलं पडदा-शटर नाजूक निघालं. १९५७च्या ५००सीमध्ये शटर प्रत्येक लेन्समध्ये गेलं आणि कॅमेरा भरवशाचा झाला. यातली बॅक बारकाईने पाहण्यासारखी आहे. तिच्या फटीत एक पातळ धातूची पट्टी सरकवायची, तिला डार्क स्लाइड म्हणतात. ती आत असेल तरच बॅक बॉडीपासून सुटते आणि ती बाहेर काढल्याशिवाय शटर दबत नाही. त्यामुळे अर्धा रोल संपलेला असतानाही, फिल्मला उजेड लागू न देता बॅक बदलता येते. तीन बॅक सोबत ठेवून एक नेहमीच्या, एक कमी आणि एक वाढीव डेव्हलपिंगसाठी राखायची. ऊन कलेल तशी बॅक बदलायची. स्वतः ॲडम्स यांनी रोल फिल्मसाठी हाच मार्ग सांगितला. माझ्या लेखी मीडियम फॉरमॅटच्या लँडस्केपमधला हा खरा टप्पा आहे, कारण इथे कॅमेरा हवामानाच्या चालीने चालू लागला. १९६० मध्ये योसेमिटीतल्या हाफ डोमवर आलेला चंद्र ॲडम्स यांनी टिपला तो हासेलब्लाड आणि २५० मिमी लेन्सने.

१९६९ मध्ये हेच कॅमेरे चंद्रावर पोचले. तिथे हवा नाही, ढग नाहीत, क्षितिजाजवळचा धूसरपणा नाही, त्यामुळे दूरचा डोंगर आणि जवळचा दगड सारखेच स्पष्ट येतात. पृथ्वीवरच्या लँडस्केपमधली खोली किती प्रमाणात हवेमुळे असते, ते या छायाचित्रांशेजारी धुक्यातलं एखादं ठेवलं की लगेच उमगतं.

त्याच वर्षी पेंटॅक्स ६×७ आला. डोळ्याला लावून वापरायचा, मोठ्या ३५ मिमी एसएलआरसारखा. मात्र आरसा आणि शटर इतके जड, की ट्रायपॉडवरही हादरा जाणवे. वाऱ्यात ही चिंता आणखी वाढते. पुढे रंगीत स्लाइडचं युग आलं. फुजीची वेल्व्हिया १९९० मध्ये आली आणि तिच्या गडद हिरव्या-लालसर रंगांनी लँडस्केपवाल्यांना वेड लावलं. पण उजळ-गडद यांतलं अंतर सामावण्याची तिची झेप जेमतेम पाच स्टॉपची (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). उजळ आभाळ आणि सावलीतली जमीन एकत्र सांभाळायची, तर वरून गडद, खाली पारदर्शक असा ग्रॅज्युएटेड फिल्टर लावावाच लागे. पोलरॉइड बॅकवर आधी चाचणी घेण्याची पद्धत होती. पण तिची प्रिंट तयार होईपर्यंत मिनिटभर जाई आणि वादळी आभाळात मिनिटभर हा मोठा काळ.

छायाचित्रकार मायकेल केन्ना यांनी हीच गोष्ट उलट्या टोकाने धरली. उजेडाला गाठायची घाई सोडून त्यांनी चौकोनी कृष्णधवल फ्रेमवर मिनिटांची, कधी तासांची एक्स्पोजर दिली. लाटा धुक्यासारख्या झाल्या, ढगांच्या रेषा उरल्या. इतक्या लांब एक्स्पोजरमध्ये फिल्मची संवेदनशीलता घटत जाते, त्यामुळे मीटरने सांगितलेल्या वेळेपेक्षा कितीतरी जास्त वेळ द्यावा लागतो.

डिजिटलने सुरुवातीला लँडस्केपवाल्यांना फारसं दिलं नाही. १९९०च्या दशकातल्या पहिल्या डिजिटल बॅक स्टुडिओसाठी होत्या, तारेने कॉम्प्युटरला जोडलेल्या. नंतरच्या सीसीडी प्रकारच्या सेन्सरच्या बॅक डोंगरावर नेता आल्या, पण आयएसओ, म्हणजे संवेदनशीलता, वाढवला की चित्रात दाणेदार नॉइज येई. पाऊस-धुळीपासून संरक्षण असलेला पेंटॅक्स ६४५डी २०१० मध्ये आला. २०१४ मध्ये सीमॉस या दुसऱ्या प्रकारचे मोठे सेन्सर आले आणि चित्र पालटलं. मंद उजेडातही स्क्रीनवर नेमकं फोकस तपासता येऊ लागलं आणि सुमारे १४ स्टॉपची झेप हाती आली. पुष्कळांच्या बॅगेतून ग्रॅज्युएटेड फिल्टर निघून गेला. २०१९च्या फुजीफिल्म जीएफएक्स १००मध्ये १०२ मेगापिक्सेलच्या सेन्सरला बॉडीतच हादरा सावरणारं स्थिरीकरण मिळालं, तेव्हा ट्रायपॉड लावायला सवड नसलेल्या क्षणीही मीडियम फॉरमॅट हातात धरून वापरता येऊ लागला. यातले बहुतेक सेन्सर ४४ बाय ३३ मिलिमीटरचे आहेत, म्हणजे जुन्या ६×६ फ्रेमच्या निम्म्याहूनही लहान.

१२० फिल्म आजही निघते. हासेलब्लाडच्या सध्याच्या डिजिटल बॅक १९५७ पासूनच्या बहुतेक जुन्या बॉडींना बसतात, त्यामुळे एकाच कॅमेऱ्यावर पहाटे फिल्म आणि ऊन चढल्यावर सेन्सर वापरणारेही आहेत.