एका बारीक चौकोनाचा निम्मा

दुसऱ्या वर्षाच्या एमबीबीएसच्या मुलांना मी औषधशास्त्र शिकवते. ऑनलाइन तासाला परवा विचारलं, झोल्पिडेम या झोपेच्या गोळीचा डोस अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, २०१३मध्ये बायकांसाठी १० मिलिग्रॅमवरून ५वर का आणला? चॅटमध्ये धडाधड उत्तरं आली, "मॅम, वजन कमी असतं." मग पन्नास किलोच्या पुरुषाचं काय? चॅट गप्प.

ही गोळी बायकांच्या शरीरातून सावकाश बाहेर पडते, सकाळी गाडी चालवतानाही तिचा अंमल राहू शकतो. नुसत्या वजनाने हे सुटत नाही. पण माझं लाडकं उदाहरण दुसरंच आहे, कारण तिथे रक्तातलं औषध सारखं असलं तरी परिणाम वेगळा होतो.

ईसीजीत क्यू या लाटेपासून टी या लाटेपर्यंतचा काळ, म्हणजेच क्यूटी, हा हृदयाच्या खालच्या कप्प्यांनी ठोका देऊन पुन्हा तयार व्हायला घेतलेला वेळ. बायकांत तो साधारण १० ते २० मिलिसेकंद जास्त असतो. कागदावरचा एक बारीक चौकोन ४० मिलिसेकंदांचा, म्हणजे फरक फार तर त्याच्या निम्मा. लहानपणी मुलामुलींचा क्यूटी सारखाच असतो. वयात येताना मुलांचा आखूड होतो. ही टेस्टोस्टेरॉनची करामत. पेशीतून पोटॅशियम बाहेर पडलं की ती पूर्वपदावर येते, आणि टेस्टोस्टेरॉन त्या प्रवाहाला जोर देतं. बायकांकडे पूर्वपदावर येण्याची ही शिल्लक ताकद कमी. त्यात हर्ग नावाची, पेशीच्या आवरणातली पोटॅशियमची वाहिनी आतून ऐसपैस असल्याने कितीतरी औषधं तिच्यात जाऊन अडकतात. प्रवाह मंदावतो, पेशी रेंगाळते, कॅल्शियमच्या वाहिन्या पुन्हा उघडतात आणि अवेळी ठोका पडतो. पुढची पायरी 'तोर्साद द प्वांत', म्हणजे पीळ पडल्यासारखा दिसणारा जीवघेणा आलेख. १९६६मध्ये फ्रेंच हृदयतज्ज्ञ देसर्तेन यांनी त्याचं वर्णन केलं, ती रुग्णही ऐंशी वर्षांची बाईच होती.

(बायकांचं काळीज हळवं, या म्हणण्याशी याचा काडीचा संबंध नाही. गुलाबी डबीतल्या 'खास महिलांसाठी' व्हिटॅमिनांशी तर नाहीच.)

टर्फेनाडिन ही ॲलर्जीची गोळी. यकृत तिचं फेक्सोफेनाडिन करतं, जी आज आपल्याकडे सर्रास मिळते. बुरशीवरचं किटोकोनाझोल सोबत घेतलं, की हे काम अडतं आणि मूळ टर्फेनाडिन साचून हर्ग बंद करतं. १९९०मध्ये छापून आलेली गाजलेली केस ३९ वर्षांच्या बाईची होती. १९९८मध्ये अमेरिकेत गोळी बंद झाली.

तिकडे १९७७च्या नियमाने मूल होऊ शकणाऱ्या बायकांना सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळलं होतं, ते १९९३पर्यंत. हेतू गर्भाला जपण्याचा होता, आणि आम्ही मात्र वर्षानुवर्षं फळ्यावर ७० किलोचा पुरुष काढत राहिलो.

पुढच्या तासाला प्रत्येकाने वॉर्डातला एका बाईचा आणि एका पुरुषाचा ईसीजी बघून यायचंय. क्यूटी यंत्राने छापलेला चालणार नाही. चौकोन मोजून काढायचा.