जायकवाडीचे ६५ टक्के: हा आकडा आला कुठून?

पाऊस कमी झालेल्या वर्षी ऑक्टोबर लागला की नगर-नाशिक विरुद्ध मराठवाडा हे ठरलेलं. टीव्हीवर धरणांचे टक्के, मोर्चे, कोर्टात धाव, आणि या सगळ्याच्या मधे एकच आकडा, ६५. गोदावरीवर पैठणला असलेल्या जायकवाडी धरणात ६५ टक्के पाणी असेल तर वरच्या नगर-नाशिकच्या धरणांतून पाणी सोडायचं नाही, नसेल तर सोडायचं, एवढं सगळ्यांना पाठ झालंय. पण हा निकष कशातून आला, कायद्याला नक्की काय साधायचं होतं आणि आपण नक्की काय मोजतोय हे कोणी सांगत नाही, म्हणून जरा मागे जाऊन लिहितोय.

सुरुवात इंग्रजांच्या काळापासून करावी लागते. दारणा धरण १९१६ चं, भंडारदरा १९२६ चं. दुष्काळी पट्ट्याला पाणी द्यायचं म्हणून ही कामं झाली, पण कालवा पैसे कमवत नव्हता, म्हणून मग ऊसाला पाण्याची हमी देणारी ब्लॉक पद्धत आली, आणि ऊसाबरोबर पुढे साखर कारखाने आले. देशातला पहिला मोठा सहकारी साखर कारखाना प्रवरेच्या काठावर उभा राहिला तो काही योगायोग नाही. म्हणजे जायकवाडी कागदावर यायच्या कितीतरी आधी वरच्या भागात पाण्याभोवती अख्खं अर्थकारण उभं राहिलेलं होतं, आणि तिथला शेतकरी "हे आमचं जुनं पाणी आहे" म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नाही, हे मराठवाड्याच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही मान्य करायला हवं.

इकडे मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. गोदावरीवर मोठं धरण बांधायचा विचार तेव्हापासूनचा, जागा बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळ धरलेली, नंतर ती पैठणला सरकली पण नाव तेच राहिलं. १८ ऑक्टोबर १९६५ ला लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली आणि १९७६ मध्ये धरण पूर्ण झालं. एकूण साठा सुमारे १०२ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला जिवंत साठा, म्हणजे वापरता येणारा, ७६ टीएमसीच्या आसपास आणि तळाचा मृतसाठा २६. डावा कालवा २०८ किलोमीटर, उजवा १३२, दोन्ही मिळून १ लाख ८३ हजार हेक्टरच्या आसपास भिजवायचं नियोजन.

आता खरी गोम इथे आहे. प्रकल्प आखताना पैठणपर्यंत गोदावरीत सुमारे १९६ टीएमसी येवा, म्हणजे वर्षाला येणारं पाणी, धरला होता, त्यातले ११५ वरच्या भागाला आणि उरलेले ८१ जायकवाडीला. हिशोब कागदावर सुंदर होता. पण नंतरच्या अभ्यासांत येवा या अंदाजापेक्षा बराच कमी निघाला, आणि वरच्या बाजूला धरणं मात्र वाढत गेली, मुकणे, वाकी, भाम, भावली, निळवंडे, पालखेड समूहातली कितीतरी. एकेका धरणाची मंजुरी वेगळी घेतली जाते, प्रत्येकाचा रिपोर्ट वेगळा, प्रत्येकात पाणी उपलब्ध असल्याचा दाखला, पण सगळ्यांची बेरीज करून खाली काय उरतं हे बघायची जबाबदारी कोणाचीच नव्हती! त्यात गोदावरी लवादाने, निवाडा १९८० चा, पैठणच्या वरचं सगळं पाणी महाराष्ट्राला वापरायला दिलं. राज्याराज्यांतलं भांडण तिथे मिटलं आणि राज्याच्या आतलं कोणी सोडवलंच नाही.

१९९५ ला माधवराव चितळेंच्या अध्यक्षतेखाली दुसरा जल व सिंचन आयोग नेमला, त्याचा अहवाल १९९९ चा. खोऱ्याचं नियोजन खोरं म्हणूनच करा, तालुका आणि मतदारसंघ धरून नको, हा विचार त्यात स्पष्ट होता. २००३ ला राज्याची जलनीती आली आणि २००५ ला महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला. त्यातलं कलम १२ (६) (ग) म्हणजे या सगळ्या वादाचं मूळ. सोप्या भाषेत ते असं, की तुटीचा बोजा खोऱ्यात सगळ्यांनी सारखा वाटून घ्यायचा, त्यासाठी दरवर्षी ऑक्टोबर अखेरपर्यंत खोऱ्यातल्या सगळ्या धरणांमधलं वापरण्याजोगं पाणी, खरिपातला वापर धरून, टक्केवारीत जवळपास सारखं राहील असं नियंत्रण करायचं.

खरिपातला वापर धरून, हे शब्द फार महत्त्वाचे आहेत. वरच्या धरणाने ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कालवा चालवून पाणी वापरून टाकलं आणि ऑक्टोबरला "आमच्याकडेही कमीच आहे" म्हटलं, तर ते चालणार नाही, ते वापरलेलं पाणी हिशोबात येणार. कायदा करणाऱ्यांनी हे नीट विचार करून घातलेलं आहे, त्यांना श्रेय द्यायलाच हवं.

पण कायदा झाला आणि तसाच पडून राहिला. नियम नाहीत, वेळापत्रक नाही. २०१२ चा दुष्काळ पडला, जायकवाडी मृतसाठ्यात गेलं, तेव्हा हे कलम सगळ्यांना आठवलं. वरून पाणी सोडायचे आदेश निघाले, दोन्हीकडून हायकोर्टात याचिका गेल्या, आणि २०१३ मध्ये सरकारने हिरालाल मेंढेगिरी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने मुळा, प्रवरा, गोदावरी-दारणा, गंगापूर, पालखेड असे वरच्या धरणांचे समूह पाडले आणि तक्ते दिले. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत इतके टक्के असतील तर अमुक समूहाने इतके ठेवायचे, जास्तीचं खाली सोडायचं. यातच ६५ आला. तिथपर्यंत जायकवाडी भरलं असेल तर वरून काही सोडायची गरज नाही.

१९ सप्टेंबर २०१४ ला प्राधिकरणाने याच आधारावर आदेश काढला आणि २३ सप्टेंबर २०१६ च्या निकालात मुंबई हायकोर्टाने तो उचलून धरला. त्याप्रमाणे २०१५ ला १२.८४ टीएमसी सोडायचा आदेश निघाला, २०१८ ला ८.९९, २०२३ ला ८.६ च्या आसपास.

मग योजना यशस्वी म्हणायची का? आदेश निघतात आणि पाणी सुटतं ही फार मोठी गोष्ट आहे, वीस वर्षांपूर्वी हे कोणाला खरं वाटलं नसतं. पण सरकारच्याच उद्दिष्टांना धरून बघितलं तर बरंच काही राहतं. वेळेचंच बघा, कायदा म्हणतो ऑक्टोबर अखेर, २०२३ चा आदेशच निघाला ३० ऑक्टोबरला आणि प्रत्यक्ष पाणी सुटायला नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा उजाडला. तोपर्यंत नदीपात्र कोरडं पडतं, पात्राने प्यालेलं पाणी वाढतं, वाटेतल्या केटी (कोल्हापुरी) बंधाऱ्यांच्या पाणी अडवणाऱ्या फळ्या काढा, काठच्या मोटारींची वीज तोडा, पोलीस बंदोबस्त लावा, हे सगळं करून पैठणला पोचतं ते सोडल्यापेक्षा बरंच कमी. हेच पाणी सप्टेंबरमध्ये नदी वाहती असताना सोडलं तर वाया जाणारा हिस्सा किती वाचेल!

दुसरं म्हणजे ६५ टक्के म्हणजे नक्की किती. जिवंत साठ्याचे ६५ टक्के म्हणजे साधारण ५० टीएमसी, तेही खरिपाचा वापर धरून. जायकवाडी उथळ आणि पसरट आहे, बाष्पीभवनात प्रचंड पाणी जातं, त्यात संभाजीनगर, जालन्याचं पिण्याचं पाणी आणि एमआयडीसी. आखताना ८१ टीएमसी धरलेल्या प्रकल्पात जेमतेम पन्नास जमा झाले की समन्यायी वाटप झालं असं आपण म्हणतोय, आणि त्यानंतर परभणीच्या टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्यापर्यंत पाण्याच्या किती पाळ्या पोचल्या याची नोंद या निकषात कुठेच नाही. तुटीचा बोजा सारखा वाटायचा हे उद्दिष्ट होतं, मोजतोय मात्र एका दिवशीचा एका धरणाचा साठा.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकते, खरिपातला वापर मोजतो कोण? जो कालवा चालवतो तोच. जलसंपदा विभागाने २००३ नंतर काही वर्षं जललेखा आणि बेंचमार्किंगचे अहवाल छापले होते, प्रकल्पवार, प्रकल्पात किती पाणी आलं, किती वापरलं, किती हेक्टर भिजलं. त्यात त्रुटी होत्या पण निदान भांडायला आकडे तरी होते. ते काम नेटाने चालू राहिलं असतं तर आज तक्ता बरोबर की चूक हे तावातावाने बोलायची वेळ आली नसती. एकात्मिक जल आराखड्याचं, म्हणजे सगळ्या पाण्याच्या एकत्रित नियोजनाचंही तेच झालं, कायदा २००५ चा आणि तो आराखडा मंजूर करणाऱ्या राज्य जलपरिषदेची पहिली बैठक २०१५ ला, तीही कोर्टात प्रकरण गेल्यावर.

पुढे २०२३ मध्ये मेंढेगिरीच्या तक्त्यांचा फेरआढावा घ्यायला नाशिकच्या मेरीचे (महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेचे) तेव्हाचे महासंचालक प्रमोद मांदाडे यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला गेला, आणि त्याच्या अहवालात ६५ चा निकष खाली आणायची शिफारस आहे. मराठवाड्यात त्याला विरोध होणारच, आणि माझ्या मते तो रास्त आहे, कारण येवा कमी झाला असेल तर ती तूट सगळ्यांच्या खात्यात पडायला हवी, फक्त खालच्याच्या नाही. निकष बदलायचाच असेल तर त्याआधी वरच्या पाचही समूहांचा खरीप वापर तिसऱ्या यंत्रणेकडून मोजून घ्या, नदीकाठच्या उपशाची नोंद करा, आणि पाणी सोडायची तारीख सप्टेंबरमध्ये आणा.