ओझं वाहणाऱ्या मुंग्यांना वाट कोण दाखवतं?

मेलेल्या झुरळाला पंधरा-वीस मुंग्या डसलेल्या असतात. एक इकडे ओढते, दुसरी तिकडे. झुरळ जागच्या जागी गरगरतं, बोटभर सरकतं, पुन्हा मागे येतं. यांचं काही खरं नाही असं वाटतं, आणि थोड्या वेळाने बघावं तर झुरळ बिळाच्या तोंडाशी! मला नेहमी प्रश्न पडायचा, यांना वाट दाखवतं कोण?

इस्रायलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटमधले ओफर फाइनरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली याचा छडा लावला. त्यांनी निवडली लांब मिशांची, सदा सैरावैरा धावणारी पॅराट्रेकिना लाँगिकॉर्निस ही मुंगी. ओझ्याला धरलेल्या मुंग्यांमध्ये पुढच्या ओढतात, मागच्या उचलून धरतात, म्हणजे जमिनीशी होणारं घर्षण कमी होतं. ओझं ज्या बाजूला चाललंय त्याच बाजूला जोर लावायचा, हा बहुतेकींचा स्वभाव. त्यामुळे ताकद वाया जात नाही. पण दिशा चुकली तर सगळ्या मिळून चुकतात.

इथे कामाला येते ती नुकतीच येऊन ओझं धरणारी मुंगी. ती मोकळी फिरून आलेली, म्हणून बीळ कुठे आहे ते तिला ठाऊक. ती आपल्या दिशेने ओढते आणि बाकीच्या तिच्यामागे वळतात. पण हा मान टिकतो जेमतेम दहा-वीस सेकंद. मग तीही इतरांसारखीच हमाल होते, आणि तोवर नवी कोणीतरी येऊन ठेपते. मला यातली सगळ्यात विलक्षण गोष्ट वाटते ती या मुंग्यांच्या स्वभावातला तोल. त्या अगदीच हट्टी असत्या तर रस्सीखेच संपली नसती, आणि नुसत्याच घोळक्यामागून जाणाऱ्या असत्या तर नव्या मुंगीला कुणी दाद दिली नसती.

याच गटाने २०२४ मध्ये मुंग्यांना आणि माणसांना एकच कोडं घातलं: इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचं ओझं दोन अरुंद फटींमधून पलीकडे न्यायचं. एकेकट्याने सोडवताना माणूस अर्थातच सरस ठरला. मुंग्यांचा मात्र गट मोठा झाला तसं काम सुधारलं. अडलं तरी त्यांचा घोळका धरलेली दिशा सोडत नव्हता, भिंतीला घासत पुढे सरकत राहायचा. माणसांच्या गटांना बोलायची आणि खाणाखुणा करायची बंदी घातली, तेव्हा ती एकेकट्याहूनही मागे पडली. समोर दिसणाऱ्या जवळच्या वाटेकडे ओझं रेटायचं आणि तिथेच अडकायचं, असं त्यांचं होत राहिलं.