लंपर बटाटा आणि आयर्लंडचा दुष्काळ

१८४५च्या सप्टेंबरात आयर्लंडमधल्या बटाट्यावर करपा आला. पानांवर काळपट ठिपके, खालून पांढरी बुरशी, आणि दमट हवेत बघता बघता अख्खे रान काळे. चांगले दिसणारे बटाटे काढून साठवले, तर तेही सडून त्यांचा चिखल झाला. त्या वर्षी निदान तिसरा हिस्सा पीक गेले. १८४६ साली जवळजवळ सगळेच.

हाच करपा बेल्जियम-हॉलंडमध्येही आला होता. तिथेही माणसे मेली, पण इतकी नाही. आयर्लंडमध्ये जमीन जमीनदारांची. कुळाने धान्य, लोणी, डुकरे विकून खंड भरायचा आणि घरापुरता तुकडा बटाट्याला ठेवायचा. एकरभर जमिनीत कुटुंबाची वर्षातली बरीचशी बेगमी होई. कष्टकरी माणूस दिवसाला पाच-सहा किलो बटाटे खाई, सोबत ताक. आहार म्हणून हे वाईट नव्हते, फक्त दुसरे काही नव्हते.

गरिबांच्या तुकड्यांत बहुतेक एकच वाण असे: लंपर. ओबडधोबड, पाणचट, पण हलक्या जमिनीतही भरघोस येणारा. बटाट्याचे बेणे म्हणजे डोळा असलेली फोड, त्यामुळे देशभरातला लंपर म्हणजे एकाच झाडाच्या नकला. एक बळी पडला की सगळेच. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतांत, जिथे टिटिकाका सरोवराच्या परिसरात हजारो वर्षांपूर्वी बटाटा माणसाळला, तिथले शेतकरी एकाच शेतात अनेक वाण मिसळून लावत आले आहेत. शिवाय रात्रीच्या हिमात गोठवून, पायांनी तुडवून, उन्हात वाळवलेला 'चुन्यो' वर्षानुवर्षे टिकतो. सोळाव्या शतकात स्पॅनिशांमागोमाग युरोपात आले ते मूठभर वाण.

ब्रिटनचे पंतप्रधान पील यांनी अमेरिकेतून मका आणवला. १८४६ साली त्यांचे सरकार पडले आणि मदतीची सूत्रे खजिन्यातल्या चार्ल्स ट्रेव्हेलियनच्या हाती एकवटली. हा मेकॉलेचा मेहुणा. आधी कंपनीच्या नोकरीत हिंदुस्थानात होता, पुढे मद्रासचा गव्हर्नरही झाला. बाजारात सरकारने ढवळाढवळ करू नये, यावर त्याची श्रद्धा. ओट्स, लोणी, जनावरे इंग्लंडला जातच राहिली. १८४७ साली बाहेरून आलेले धान्य बाहेर गेलेल्यापेक्षा जास्त होते हे खरे, पण घ्यायला पैसा कुणाकडे होता? त्याच वर्षीच्या कायद्याने पाव एकराहून जास्त जमीन कसणाऱ्याला मदत नाकारली: आधी जमीन सोडा, मग अन्न मागा. याला नैसर्गिक आपत्ती म्हणणे मला अर्धसत्य वाटते. सुमारे दहा लाख माणसे गेली, बरीचशी टायफससारख्या तापांनी आणि हगवणीने. निदान तितकीच देशोधडीला लागली. १८४१च्या जनगणनेत ८२ लाखांच्या आसपास असलेली वस्ती १८५१ साली ६५ लाखांवर आली.

करपा नेमका कशाने पडतो, यावर तेव्हा वाद होता. बहुतेकांनी ओल्या हवेला दोष दिला. बर्कली या पाद्र्याने १८४६ सालीच बुरशीकडे बोट दाखवले. फायटॉफ्थोरा इन्फेस्टन्स हे आजचे नाव जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ द बारी यांनी १८७६ साली दिले. उपाय मात्र द्राक्षबागांतून आला. फ्रान्समधल्या बोर्डोकडचे बागायतदार रस्त्याकडेच्या वेलींना मोरचूद आणि चुना फासत, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी घड तोडू नयेत म्हणून. त्या वेली केवडा रोगातून वाचल्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांच्या लक्षात आले आणि १८८५ साली त्यांनी मिश्रणाची कृती प्रसिद्ध केली. नाशिकच्या बागायतदाराला बोर्डो मिश्रण वेगळे सांगायला नको.

सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने १९६८ साली दिलेला 'कुफरी ज्योती' करप्याला तोंड देणारा म्हणूनच देशभर पसरला. पुढे रोगाच्या नव्या प्रकारांपुढे त्याची ती ताकद टिकली नाही.