छत्रीबागेतली झाडं आणि रात्रीचा 'विषारी वायू'

दर उन्हाळ्यात तोच मेसेज परत फिरतो, रात्री झाडाखाली थांबू नका, झाडं कार्बन डायऑक्साइड सोडतात, माणूस गुदमरतो. आमच्या इंदूरच्या छत्रीबागेत, होळकरांच्या छत्र्यांपाशी (म्हणजे त्या राजघराण्याच्या स्मारकांपाशी), संध्याकाळी बसायलासुद्धा काही जण यामुळे बिचकतात. वर स्मृतिस्थळ आहे म्हटल्यावर भीतीला अजून फोडणी!

आता यात अर्धं खरं आहे, म्हणून तर पटतं. झाडं रात्री श्वास घेतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात, शाळेत हेच शिकलोय. पण किती, ते मेसेजमध्ये नसतं. साध्या हवेत हा वायू साधारण 0.04 टक्के असतो, आपल्या उच्छ्वासात जवळपास 4 टक्के, आणि एक माणूस दिवसाला अंदाजे 1 किलो बाहेर टाकतो. तरी बंद खोलीत चार जण शेजारी शेजारी झोपतात आणि सकाळी उठून पोहे-जलेबी खायला जातात की! मग उघड्यावर, वाऱ्यात, झाड काय करणार. रात्रीच्या सराफ्यातली, म्हणजे आमच्या इथल्या रात्रीच्या खाऊबाजारातली गर्दी याहून जास्त सोडत असेल.

पिंपळ रात्रीपण ऑक्सिजन देतो, हेही चुकीचंच, त्याला उजेड लागतो. घरीच बघा ना, पाणवनस्पतीची फांदी पाण्याच्या बाटलीत टाकून उन्हात ठेवा, बुडबुडे येतील, अंधारात नेली की थांबतील.

बाकी रात्री झाडाखाली साप-विंचवासाठी टॉर्च मात्र जवळ असू द्या.