फौजी बँड दौऱ्यावर का निघतो, त्यामागची गोष्ट

ठाणे-नवी मुंबईतल्या आपल्यासारख्यांना फौजी बँड दिसतो तो बहुतेक टीव्हीवर, २९ जानेवारीला विजय चौकातल्या बीटिंग रिट्रीटमध्ये, नाहीतर डिसेंबरात नेव्ही डेच्या सुमारास लोकल पकडून गेटवेला गेलं तर. मग कोणीतरी हमखास विचारतंच की युनिफॉर्ममधली माणसं गावोगाव कॉन्सर्ट करत का फिरतात, आणि हे सुरू कुठून झालं. मला या विषयाचं भारी प्रेम आहे म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

मुळात बँड फिरायचाच, पण फौजेबरोबर. ऑटोमन म्हणजे तुर्की सैन्याचा मेहतेर नावाचा वाजंत्री ताफा ढोल-झांजा वाजवत लढाईला जायचा आणि १८व्या शतकात युरोपातल्या सैन्यांनी मोठा ड्रम, झांजा, ट्रँगल हे सगळं त्यांच्याकडूनच उचललं. काम काय, तर पावलं एका तालात पडावीत आणि जवानांना जोर यावा, श्रोते वगैरे कोणाच्या डोक्यातही नव्हते. शिस्तीचं म्हणाल तर १८५४ साली क्रिमियन युद्धाच्या वेळी एका परेडमध्ये ब्रिटिश बँडनी 'गॉड सेव्ह द क्वीन' वेगवेगळ्या पट्टीत वाजवून पार गोंधळ घातला असं सांगतात, त्यानंतर १८५७ मध्ये लंडनजवळच्या नेलर हॉलला मिलिटरी म्युझिकची शाळाच काढली.

दौऱ्याची खरी गोष्ट मात्र अमेरिकेतली. तिथल्या मरीन कोअर या सैन्यदलाचा मरीन बँड १७९८ पासूनचा, पण प्रेसिडेंटच्या दिमतीला, त्यामुळं वॉशिंग्टन सोडून फारसा कुठं जायचा नाही. १८८० मध्ये जॉन फिलिप सूझा त्याचे प्रमुख झाले आणि त्यांना ते पटेना, बँड वॉशिंग्टनबाहेरच्या लोकांनीही ऐकायला नको का. शेवटी प्रेसिडेंट हॅरिसनची परवानगी मिळाली आणि १८९१ मध्ये पहिला मोठा दौरा निघाला. पुढच्याच वर्षी सूझा नोकरी सोडून स्वतःचा बँड काढून बसले आणि त्या बँडने तर १९१०-११ मध्ये जगप्रदक्षिणा केली. दुपारी एका गावात आणि रात्री दुसऱ्या गावात असे दोन दोन प्रोग्रॅम, मधे ट्रेन, आणि झोप जमेल तशी. मरीन बँडची दौऱ्याची परंपरा आजही चालू आहे, आणि मुख्य म्हणजे तिकीट फुकट.

हे ऐकायला छान वाटतं पण राबणं किती असतं ते बघा. आधी ट्रक, मग स्टेज लावणं, खुर्च्या, स्टँड, साउंड चेक, वाजवणं, परत सगळं भरणं, की लगेच पुढचं गाव. शिवाय हवा. आपल्या वाशीसारख्या दमट ठिकाणी क्लॅरिनेटची रीड, म्हणजे फुंकायच्या तोंडाची पातळ पट्टी, फुगते, आणि गरम हॉलमध्ये ट्रम्पेट-ट्रॉम्बोनचा सूर वर सरकतो, म्हणजे एसी हॉलमध्ये जुळवलेलं बाहेर मैदानात पुन्हा जुळवायचं. रोज नवीन हॉल, रोज नवीन घुमणं, आणि तरी शेवटच्या रांगेतल्या आजोबांना पहिल्या दिवसाइतकंच ताजं वाटलं पाहिजे! या लोकांबद्दलचा माझा आदर इथंच दुप्पट होतो.

आपल्याकडचा रस्ता वेगळा. जनरल करिअप्पांच्या काळात, १९५० मध्ये, पचमढीला आर्मीच्या म्युझिक ट्रेनिंगची सोय झाली. नेव्हीचा बँड १९४५ चा आणि नेव्हीची म्युझिक शाळा कुलाब्याला आयएनएस कुंजाली या नेव्हीच्या तळावर, म्हणजे आपल्या हाकेवर. परदेशातला आपल्या मराठी मनाला भिडणारा प्रसंग म्हणाल तर १४ जुलै २००९, पॅरिसला फ्रान्सच्या राष्ट्रीय दिनाच्या परेडमध्ये पुढे भारतीय तुकडी आणि त्यात मराठा लाइट इन्फंट्री, बँडच्या तालावर. आणि हे नुसते वादक नाहीत हं, युद्धात आर्मीचे बँडवाले स्ट्रेचर उचलून जखमींना मागे आणतात, त्याचंही ट्रेनिंग त्यांना असतं. अमेरिकेत मरीन बँडच्या वादकांना रिक्रूट ट्रेनिंगसुद्धा माफ आहे, इतका फरक.

म्हणूनच मला मनापासून वाटतं की गडकरी रंगायतन किंवा वाशीच्या भावे नाट्यगृहात दरवर्षी अशी एक फुकट कॉन्सर्ट ठरवून व्हावी, महापालिकांनी हॉल द्यावा आणि पुढच्या रांगा शाळेच्या लेझीम आणि बँड पथकातल्या पोरांसाठी ठेवाव्यात.