पटकीचा नकाशा, थरावर थर

१८५४ साली लंडनच्या सोहो भागात पटकीची साथ आली. डॉ. जॉन स्नो यांनी रस्त्यांच्या नकाशावर दर मृत्यूमागे एक काळी रेघ मारली आणि रेघांची दाटी ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याच्या सार्वजनिक पंपाभोवती दिसली. (नकाशा पाहून पंप बंद करायला त्याचा दांडा काढला, ही कथा लोकप्रिय असली तरी खरी नाही. दांडा ८ सप्टेंबरला निघाला, नकाशा नंतर आला.)

हाच नकाशा आज ‘आर’ या संख्याशास्त्राच्या संगणकभाषेत काढता येतो. त्या भाषेच्या ‘हिस्टडेटा’ पॅकेजमध्ये, म्हणजे जोडून घ्यायच्या तयार संचात, ५७८ मृत्यूंच्या जागा, १३ पंप आणि रस्ते असे वेगवेगळे तक्ते तयार मिळतात. ‘जीजीप्लॉट२’ या आलेख काढायच्या पॅकेजमध्ये ते अधिक चिन्हाने एकावर एक चढवायचे. आधी लिहिलेला थर तळाशी जातो. म्हणून रस्ते आधी, तेही फिकट राखाडी. मग मृत्यूंचे ठिपके, थोडे पारदर्शक, म्हणजे दाटी गडद दिसते. पंप सगळ्यांत शेवटी. क्रम उलटला तर नेमका ब्रॉड स्ट्रीटचाच पंप ठिपक्यांखाली गाडला जातो.

चौथा थर मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: कोणत्या घराला कोणता पंप जवळचा, हे दाखवणाऱ्या सीमा. संगणक त्या सरळ रेषेतल्या अंतरावरून आखतो. स्नो यांनी मात्र नंतरच्या नकाशात चालत जाण्याचं अंतर धरलं होतं, आणि ते जास्त शहाणपणाचं. पाण्याला जाणारा माणूस भिंती भेदून जात नाही. तरीही जवळच्या पोलंड स्ट्रीटवरच्या अनाथ-गरिबांच्या वर्कहाउसमध्ये ५३५ जणांपैकी फक्त ५ दगावले, याचं उत्तर या चारही थरांत सापडत नाही. तिथे स्वतःची विहीर होती. विहिरींचा थर वेगळा लागतो.

ठिपके आजच्या लंडनच्या नकाशावर ठेवायचे तर एक खोडा आहे. ब्रिटनचे सरकारी नकाशे जागा मीटरमध्ये मोजतात, आणि त्यांचा शून्यबिंदू इंग्लंडच्या टोकाजवळच्या सिली बेटांच्या नैर्ऋत्येला समुद्रात आहे. मोबाइल तीच जागा अंशांत सांगतो: पंपासाठी साधारण ५१.५ आणि उणे ०.१. या आकड्यांसोबत त्यांची निर्देशांक-पद्धत (आकडे कोणत्या एककात आणि कुठून मोजले ते) नोंदलेली असेल, तर नकाशांसाठीच्या ‘एसएफ’ पॅकेजच्या मदतीने नकाशा काढताना रूपांतर आपोआप होतं. नोंद नसेल, तर आर त्यांना मीटरच समजतो आणि पंप त्या शून्यबिंदूपासून पन्नासेक मीटरवर, भर समुद्रात उभा करतो. चूक झाल्याचा संदेशही येत नाही. सगळं लंडन आक्रसून एका कोपऱ्यात गेलेलं दिसलं, की आधी दोन्ही थरांची निर्देशांक-पद्धत तपासावी.